ठिपक्याच्या कानात सांगितलेलं नाव

“आपल्या घरात देव नाहीत, तर भुतं कुठून येणार?” हे वाक्य माझ्या बाबांचं. लहानपणी खडकीच्या क्वार्टर्समधली मुलं पाण्याच्या टाकीवरच्या बाईच्या गोष्टी सांगायची, मी पळत घरी यायचे, आणि बाबा पेपरमधून डोकंही वर न काढता हे ऐकवायचे. वर म्हणायचे, “भूत भेटलं तर त्याले सतराचा पाढा विचार. नाही आला तर तूच हाकलून दे.”

तेव्हा या सदरात माझं काय काम, हा प्रश्न मलाही पडलाय. इथे लोक घाटातल्या गाड्या, बंद खोल्या, पैंजणांचे आवाज असं लिहितात. मी ते आवडीने वाचते आणि एका अक्षरावर विश्वास ठेवत नाही. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. माझ्याकडे एक ठिपका आहे. भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसलेला.

आधी आमच्याबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. धम्मदीक्षेनंतर आजोबांनी घरातले देव फडक्यात बांधले आणि वैनगंगेत सोडून आले. त्यानंतर आमच्या घरात जे काही बरं झालं ते शिक्षणामुळे झालं. बाबांना त्यांच्या मोठ्या बहिणीने बिड्या वळून दहावीपर्यंत शिकवलं. ती माझी आत्या, बाबांची ‘बाई’. तिला स्वतःला सही करता यायची नाही. माझं नाव तिनेच ठेवलं, सुजाता. मी दहावीत असताना ती गेली. बाबांना खडकीच्या कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी लागली, दादा आयटीआय झाला, आणि मी एम.एस्सी. फिजिक्स. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी मुद्दाम लिहितेय. नम्रपणा मला जमत नाही, आणि जमवायचाही नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मला पुण्यातल्या एका प्रकल्पावर काम मिळालं. संस्थेचं नाव देत नाही. काम होतं लघुग्रह शोधायचं. लोकांना वाटतं आम्ही रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसतो. कसलं काय! दुर्बीण परदेशात, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून पार्किंग दिसणाऱ्या खोलीत, सकाळी दहा ते सहा. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळाने काढलेले चार फोटो यायचे. ते स्क्रीनवर एकामागून एक पटपट फिरवायचे. तारे जागचे हलत नाहीत. पण मध्येच एखादा ठिपका सरकत असेल, तर तो तारा नाही, तो सूर्याभोवती फिरणारा दगड आहे. ठळक ठिपके सॉफ्टवेअर स्वतःच पकडतं. अंधुक असतात ते माणसाच्या डोळ्यांना शोधावे लागतात. आणि त्यातले बहुतेक खोटे निघतात… कॅमेऱ्यातला दोष (‘हॉट पिक्सेल’), धुळीचा कण, काहीही.

खोलीत आम्ही दोघीच. मी आणि गौरी. गौरी कोथरूडची, आईवडील दोघेही प्राध्यापक, घरात भिंतभर पुस्तकं. पण मुलगी साधी होती. निदान मला तसं वाटायचं. तिच्या डब्यात रोज पोळी-भाजी, ती माझा डबा उघडून आधी नाक खुपसायची. आईने पाटवडी-रस्सा दिला असेल तर माझ्या वाट्याला नुसता रस्सा. शेजारच्या केबिनमध्ये आमचे सर. पुण्यात विज्ञानावर व्याख्यानं द्यायचे, बोलणं तिरकस, पण शिकवायचे मनापासून. व्याख्यानात कधी कधी माझं उदाहरण द्यायचे — “तुमच्यासारख्या मुली या क्षेत्रात यायला हव्यात.” तेव्हा मला बरं वाटायचं. ‘तुमच्यासारख्या’ म्हणजे कशा, हे विचारायचं सुचलं नाही.

त्या मार्चमध्ये माझ्या दादाच्या मुलीचं बारसं झालं होतं. आमच्याकडे वंदना होते, मग पाळणा, आणि मग आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्र्र’ करून नाव सांगायचं. तो मान माझा होता. आता हा मान फुकट मिळत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. आत्या नाव सांगत असताना मागून बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. आमच्याकडच्या बायका शेतात राबलेल्या, हात काय एकेकीचे! मी दुसऱ्या दिवशी पाठ चोळत ऑफिसला आले, आणि गौरीला हा सगळा प्रकार इतका आवडला की ती मला ‘आत्या’च म्हणायला लागली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. जेवण झालेलं, डोळे जड झालेले. मी एक संच फिरवत होते. एका ठळक ताऱ्याच्या अगदी खांद्याला लागून काहीतरी हललं. मी परत फिरवलं. परत हललं.

“गौरे, इकडे ये.”

“हॉट पिक्सेल असेल गं.”

“हॉट पिक्सेल चालत जातो का?”

ती खुर्चीसकट सरकत आली. मी बोट लावलं नाही, नुसतं म्हटलं, शोध. तिने डोळे बारीक केले, नाक जवळजवळ स्क्रीनला टेकवलं, आणि मग माझा दंड घट्ट धरला. “अगं… हा चाललाय. सुजे, हा खरंच चाललाय!”

सर आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्वतः चारही फोटोंत त्याची जागा मोजली. रेषा सरळ, वेग एकसारखा. माहीत असलेल्या लघुग्रहांत तिथे कुणीच नव्हता. सर मागे वळून म्हणाले, “वा! म्हणजे या खोलीत अधूनमधून कामही होतं तर.” पुण्यात याला कौतुक म्हणतात.

मग गौरी म्हणाली, “आत्या, आता नाव ठेव!”

खरं नाव मिळायला वर्षानुवर्षं जातात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आधी नुसती अक्षरं आणि आकडे मिळतात, तेही इतर दुर्बिणींना तो दगड परत सापडला तरच. पण त्या दुपारी मला काय झालं कोण जाणे. मी पुढे वाकले, स्क्रीनवर त्या ठिपक्याभोवती हाताचा आडोसा केला, अगदी तोंड जवळ नेलं, ‘कुर्र्र’ केलं आणि एक नाव सांगितलं. मागून गौरीने पाठीत दणकून बुक्का घातला. सरसुद्धा हसले. “बारशाच्या घुगऱ्या कुठे आहेत?”

“काय नाव ठेवलंस? सांग ना!” गौरी मागेच लागली.

“बाळ मोठं झालं की कळेल,” मी म्हटलं.

सर केबिनकडे जाता जाता म्हणाले, “रिपोर्टवर तिघांची नावं टाकतो. पहिलं तुझं.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं. गौरीनेही ऐकलं.

घरी सांगितलं तर आईला नीटसं कळलं नाही, पण तिने शिरा केला. बाबांना कळलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर, कॅन्टीनमध्ये, स्टोअरमध्ये, जो भेटेल त्याला सांगितलं — “आमच्या पोरीनं आभाळातला दगड शोधला. तिचं नाव लागणार हाय.” मी म्हटलं, “बाबा, अजून पक्कं नाही.” ते म्हणाले, “तुया सरांनी शब्द देल्ला ना? मंग पक्कंच.”

दोनेक आठवड्यांनी पेपरमध्ये बातमी आली. ‘पुण्याच्या गौरीने शोधला नवा लघुग्रह.’ खाली फोटो. सर उभे, गौरी कॉम्प्युटरसमोर बसलेली, हात माउसवर. ती ज्या खुर्चीत बसली होती ती माझी. खुर्चीच्या पाठीवर माझा निळा स्वेटर होता, तो फोटोत स्पष्ट आलाय. बातमी मी तीन वेळा वाचली. माझं नाव कुठेच नव्हतं. रिपोर्टवरही नव्हतं, ते नंतर पाहिलं. मोजणारी म्हणून एकच नाव, गौरीचं.

बाबांना पेपर कारखान्यातच कुणीतरी दाखवला. “काय मेश्राम, छापणाऱ्यानं तुमच्या पोरीचं नाव चुकून गौरी लिहिलं काय?” हे मला दादाने सांगितलं. आणि बाबांनी काय उत्तर दिलं तेही — “गौरी तिची मैत्रीण हाय. दोघींनी मिळून शोधला.” माझ्या बापाने माझ्या मैत्रिणीची बाजू सांभाळली, चार लोकांत! घरी आल्यावर मला त्यांनी एकच विचारलं, “जेवली का?”

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

“बस, सुजाता. चहा सांगू?”

“माझं नाव का नाही, सर?”

“हे बघ, गौरीचा परदेशात पीएच.डी.साठी इंटरव्ह्यू आहे. तिला आत्ता नावाचा उपयोग आहे. तू काय, इथेच आहेस. तुझी पाळी येईल. आणि विज्ञानात ‘मी’ नसतो गं, ‘आपण’ असतो.”

“मग ‘आपण’ छापायचं होतं, सर. ‘गौरी’ का छापलं?”

त्यांनी पेपरवेट फिरवला. “तुमच्यासारख्या मुलींनी इतकं मनाला लावून घेऊन कसं चालेल?”

त्या दिवशी मला ‘तुमच्यासारख्या’चा अर्थ कळला.

गौरी डबा घेऊन माझ्याच टेबलाशी थांबली होती. “मी सांगणार होते गं. तू चिडशील म्हणून…”

“आता चिडले नाही का मी?”

“माझं सगळं करिअर आहे याच्यावर, सुजे.”

“आणि माझं काय आहे? हौस?”

ती आपला डबा उचलून गेली. मी डबा तसाच घरी नेला. आईने पाटवडी दिली होती.

इथपर्यंत यात अमानवीय असं काही नाही, मला माहीत आहे. असं रोज कुठेतरी घडतं. पुढचं ऐका.

काही दिवसांनी परदेशातून, असे रिपोर्ट जिथे जातात त्या केंद्राकडून, मेल आला. दोन वेगळ्या दुर्बिणींनी, तो दगड जिथे असायला हवा तिथे पाहिलं. काही नाही. कृपया मूळ फोटो पुन्हा तपासा, आम्हाला तर त्यांतही तिथे काहीच दिसत नाही. हीच मंडळी आधी ‘मिळालं, नोंद केली’ म्हणाली होती!

सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. माझ्याच कॉम्प्युटरवर फोटो उघडले आणि फिरवले. सर स्क्रीनकडे बघत राहिले. परत फिरवले. परत.

“कुठे आहे?” सर म्हणाले.

मला वाटलं सर वैतागून विचारताहेत. कारण तो होता ना! त्याच ठळक ताऱ्याच्या खांद्याशी, तसाच, हळूहळू सरकणारा. मी म्हटलं, “तो काय सर.”

“कुठे?”

मी बोट लावलं. सर आणि गौरी दोघेही माझ्या नखाच्या टोकाकडे बघत होते. गौरीचा चेहरा पांढरा पडला होता. “तिथे काही नाहीये गं,” ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, हे दोघे मिळून माझी गंमत करताहेत. नाव घेतलं, आता ठिपकाही नाही म्हणतात. मी सरांच्या हातून माउस घेतला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्सर जिथे न्याल तिथला उजेड किती, तो आकडा खाली येतो. मी शेजारच्या ताऱ्यावर नेला, आकडा मोठा. मग ठिपक्यावर नेला. ठिपका माझ्या डोळ्यांसमोर पांढरा शुभ्र… आणि खालचा आकडा बाजूच्या काळ्या आकाशाएवढाच. मी कर्सर पुढेमागे केला. ताऱ्यावर उसळी, ठिपक्यावर काहीच नाही. माणसं खोटं बोलतात, हे मला त्या महिन्यात नीट कळलं होतं. पण आकडा कशाला खोटं बोलेल?

“सर, तुम्ही स्वतः मोजलं होतं,” मी म्हटलं.

“मी तू दाखवलेल्या जागेवर मोजलं होतं,” सर म्हणाले. आवाज एकदम सपाट.

मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. पाठोपाठ गौरी आली. “सुजे, मला त्या दिवशी दिसला होता. शपथ. पेपर आला ना, त्या सकाळी मावशीला दाखवायला मी फोटो उघडले… तेव्हापासून नाहीये. मला वाटलं मी चुकीचे फोटो उघडलेत.”

“मग हे आत येऊन सरांना सांग.”

“सांगते.”

आम्ही आत गेलो. सरांनी विचारलं, “गौरी, तू नक्की पाहिला होतास?”

गौरीने कीबोर्डकडे बघितलं. एक एक बटण मोजत असल्यासारखं. मग म्हणाली, “सुजाता म्हणाली म्हणून मी… म्हणजे तेव्हाचं मला आता नीट आठवत नाही, सर.”

पेपरमध्ये नाव आलं नाही ते मी गिळलं असतं. हे नाही गिळता आलं. अजूनही नाही. माझा दंड धरून ‘हा खरंच चाललाय’ म्हणालेली हीच मुलगी.

त्याच संध्याकाळी सरांनी परदेशी मेल पाठवला, मला कॉपी ठेवून. खेद आहे, मूळ निरीक्षणात चूक होती, ते निरीक्षण प्रकल्प सहायक सुजाता मेश्राम यांचे होते. स्पेलिंगसुद्धा बरोबर. शोध लागला तेव्हा माझं नाव कुठे मावलं नव्हतं. चूक निघाली तेव्हा ते आडनावासकट बसलं. आपल्या भाषेत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका टिंबाचा फरक आहे. माझ्या वाट्याला दोन्ही आलं, त्याच एका ठिपक्यापायी.

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. मी कारण विचारलं नाही, त्यांनी दिलं नाही.

फोटोंची कॉपी माझ्या लॅपटॉपवर होती. मी ती उघडून बघायचे. ठिपका असायचा. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, डोळे उत्तम. कॉलेजमधला एक मित्र खराडीच्या एका कंपनीत हेच काम करतो, फोटोंतून वस्तू ओळखायचे प्रोग्राम लिहायचं. त्याला फोटो पाठवले, जागाही सांगितली. त्याने सगळ्या तऱ्हा करून बघितल्या आणि फोन केला. “सुजाता, तिथे नॉइजशिवाय काही नाही यार. तू झोपतेस ना नीट?” तेव्हा मात्र मी घाबरले. भुताला नव्हे, स्वतःला. म्हटलं, फसवणूक सहन न होऊन डोकं असले खेळ करत असेल. होतं असं. मी फिजिक्स शिकलेली बाई आहे, स्वतःवर संशय घ्यायला मला शिकवलंय.

मग एका रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले होते. बाबा पान लावत होते. म्हणाले, “तोच दगड पाहून राह्यली काय?”

“बाबा, तुम्ही बघता?”

बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मी त्यांना काहीही सांगितलं नाही. कुठे बघा, काय शोधा, काही नाही. चार फोटो फिरवत ठेवले आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बाबांनी चष्मा पुसला, पुढे झाले. पडद्यावर शेकडो ठिपके. मी मनात म्हणत होते, नाही दिसला तर बरं, मग मी वेडी आहे एवढं तरी नक्की होईल.

“हे पांढरं काऊन सरकून राह्यलं?” बाबा म्हणाले.

“कोणतं?”

त्यांनी बोट लावलं. जाड, चुन्याने पांढरं झालेलं बोट. बरोबर त्या ठळक ताऱ्याच्या खांद्याशी.

माझ्या मनात आलं, बाप आहे. माझी नजर कुठे जाते ते बघून बोट ठेवलं असेल. माझ्यासाठी खोटंही बोलतील, कारखान्यात बोललेच होते. म्हणून मी काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे घेतला, फोटोंचा क्रम उलटा केला, शेवटचा आधी, पहिला शेवटी, आणि परत त्यांच्यासमोर ठेवून खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

थोडा वेळ गेला. मग मागून आवाज आला, “आता उलटा काऊन चालला वो? वापस येऊन राह्यला काय?”

मला रडू फुटलं. आई कणकेच्या हातांनी बाहेर आली, “काऊन रडून राह्यली? काय दाखवलं तिले?” बाबांनी तिलाही बसवलं. आईने चष्माही लावला नाही. “कोणता, हा बारका? हा तं दिसते. यात काय झालं?”

“तिथं लोकायले दिसत नाही म्हणतेत,” बाबा म्हणाले.

“डोये गेले काय त्यायचे?” आई म्हणाली आणि कणीक मळायला आत निघून गेली. तिच्यापुरता विषय संपला.

बाबांनी विचारलं, “तू नाव ठेवलं होतं म्हणे याचं?”

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. आमच्या आत्याचं नाव. जिने माझं नाव ठेवलं, तिचं. बिड्या वळून वळून जिची बोटं तपकिरी झाली होती, जिचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठल्याच कागदावर आलं नाही, तिचं.

बाबांनी बोट पडद्यावर ठेवलं, ते तसंच राहू दिलं. म्हणाले, “ते तं कधी आभाळाकडं पाह्यची बी नाही. मान खाली घालून बिड्याच वळे.” आणि मग, जणू मी काही विचारलंच आहे अशा आवाजात, “भूत-बित नाही हां हे. सांगून ठेवतो.”

“मग काय आहे, बाबा?”

“ते तू सांगायचं. शिकली कोण, तू का मी?”

मला सांगता येत नाही. दादाला दिसतो, वहिनीला दिसतो. आमच्या घराबाहेरच्या कुणालाही अजून दिसलेला नाही. सूचनेचा परिणाम, डोळ्यांचा भास, स्क्रीनचा दोष, सगळं तपासून झालं. फोटो उलटे लावल्यावर बाबांना तो उलटा कसा दिसला, याचं उत्तर त्यांतल्या कशातच बसत नाही. कुणा वाचकाकडे असेल तर सांगा, मी मोकळ्या मनाने ऐकेन. फक्त ‘शांत करून घ्या’ असं कृपा करून सुचवू नका. शांत करायचं असेल तर मला करा.

मी आता खराडीत नोकरी करते, सॉफ्टवेअर तपासायची. चुका शोधायच्या, आणि शोधल्या की खाली माझं नाव येतं. चालतं मला.

गौरी परदेशात गेली. मागच्या महिन्यात, दीड वर्षाने, तिचा मेसेज आला. “सुजे, रागावू नकोस. माझ्याकडे ते फोटो अजून आहेत. मी रोज उघडते, काही दिसत नाही. तू त्या दिवशी काय नाव ठेवलं होतंस गं? फक्त तेवढं सांग. मला एकदाच बघायचाय.”

बाबांना वाचून दाखवला. ते पान चघळत राहिले. मग म्हणाले, “तिनं बुक्का घातला ना तुया पाठीत?”

“घातला.”

“मंग कान बी तिथंच होते तिचे. तवा हसून राह्यली होती.”

या लेखात आत्याचं नाव मी लिहिलेलं नाही. गौरी मराठी वाचते, हे सदर तर तिनेच मला पहिल्यांदा दाखवलं होतं. मेसेजला मी उत्तर दिलेलं नाही. देणार नाही असंही ठरवलेलं नाही. रविवारी जेवणं झाली की बाबा हात धुऊन येतात आणि म्हणतात, “लाव वो बाईले.” मी लॅपटॉप उघडते, आणि आम्ही दोघं तिला चालताना बघत बसतो.